विमान रात्री अडीचचं, सांगलीहून निघायचं कधी?

सांगली-साताऱ्याकडे ज्या घरातलं कुणी परदेशी राहतं, त्या घरात सुट्टी संपत आली की हा प्रश्न ठरलेला. मुलगी महिनाभर माहेरी राहून जर्मनीला परत निघालेली असते, किंवा मुलगा, सून आणि नातवंडं अमेरिकेतल्या आपल्या घरी. विमान मुंबईहून, रात्री अडीचचं. मग घरातून कधी निघायचं? थोरले काका म्हणतात, पहाटेच निघा, रस्त्याचा नेम नाही. गाडीवाला म्हणतो, दुपारी दोनला निघालो तरी आरामात पोचवतो. विमान कंपनीचा निरोप सांगतो, तीन तास आधी हजर राहा.

तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. काका सगळ्यात वाईट दिवसाबद्दल बोलतात, गाडीवाला नेहमीच्या दिवसाबद्दल आणि कंपनी फक्त विमानतळाच्या दारापासून पुढं. या प्रकरणात हे तिन्ही हिशेब एकत्र जोडून एक वेळ काढायची आहे. त्यासाठी कागद आणि पेन्सिल पुरते.

१. कोणत्या रात्रीचे अडीच?

आधी तारीख पाहू. वेळेच्या गणितात चूक झाली तर तास-दोन तास जातात. तारखेत चूक झाली तर विमानच जातं.

समजा तिकिटावर लिहिलंय : शुक्रवार, १५ तारीख, ०२:३०. आपल्याकडे वार बदलतो तो सूर्योदयाला. पंचांग तसंच आहे आणि आपलं बोलणंही तसंच आहे. ‘शुक्रवारी रात्री अडीच’ म्हटलं की शुक्रवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र डोळ्यांपुढं येते. तिकिटाचा दिवस मात्र मध्यरात्री बारा वाजता बदलतो. तिकिटावरचे शुक्रवारचे अडीच म्हणजे आपल्या भाषेत गुरुवारची रात्र. घरातून निघायचं ते गुरुवारी, १४ तारखेला. शुक्रवारी सकाळी बॅगा भरायला घेतल्या तर तोवर ते विमान कधीच उडून गेलेलं असतं.

यावर साधा उपाय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका. घरातून निघायच्या दिवसाच्या चौकटीत ‘आज निघायचं’ असं लिहा आणि ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

परदेशी जाणारी इतकी विमानं मध्यरात्रीनंतरच का, असंही पुष्कळ जण विचारतात. त्याचं एक कारण पलीकडच्या टोकाला आहे. फ्रँकफर्टच्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत ठरलेली उड्डाणं आणि उतरणं बंद असतं. तिथं सकाळी पोचून पुढची जोडविमानं गाठायची, तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणंच सोयीचं. युरोप आणि आखाताकडे जाणाऱ्या अनेक विमानांचं गणित असंच जुळवलेलं असल्यामुळे मुंबईत रात्री दहापासून पहाटे तीनपर्यंत प्रवाशांची एकच झुंबड उडते. आपल्याला उभं राहायचंय ते नेमकं त्याच गर्दीत.

२. काउंटरचं घड्याळ

लग्नाला पाहुणा ऐन मुहूर्तावर पोचला तरी चालतं. नवरदेवाला तसं चालत नाही. विमानाच्या बाबतीत प्रवासी नवरदेवाच्या जागी असतो. अडीच ही विमान हलण्याची वेळ. त्याआधी दोन दारं बंद होतात. पहिलं बॅगा घेणाऱ्या काउंटरचं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी बहुतेक कंपन्या ते ६० मिनिटं आधी बंद करतात, काही उड्डाणांना ७५ किंवा ९० मिनिटं आधी. आपल्या विमानाचा आकडा तिकिटाबरोबरच्या सूचनांत दिलेला असतो. दुसरं दार विमानात चढण्याच्या गेटचं. ते साधारण २० ते २५ मिनिटं आधी मिटतं. म्हणजे अडीचच्या विमानाचं काउंटर दीडला बंद आणि गेट दोन वाजून पाच-दहा मिनिटांनी.

विमान समोर उभं असताना पाच मिनिटं उशिरा आलेल्याला का घेत नाहीत, असा राग अनेकांना येतो. कारण समजून घेतलं की तो ओसरतो. काउंटरवर दिलेली प्रत्येक बॅग तपासून, वेगळी काढून, योग्य त्या कंटेनरमध्ये भरून विमानाच्या पोटात जायची असते. किती माणसं, किती वजन आणि ते विमानात कुठं, हा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय वैमानिकाला निघता येत नाही. अनेक देशांना प्रवाशांची यादीही आगाऊ पाठवावी लागते.

आणखी एक कारण आहे, आणि त्यामागं फार मोठं दुःख आहे. २३ जून १९८५ रोजी कॅनडाहून लंडनमार्गे दिल्लीला येणारं एअर इंडियाचं ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशात फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरला एका प्रवाशाच्या नावावर चढवली होती आणि तो प्रवासी स्वतः विमानात बसलाच नव्हता. प्रवासी नसेल तर त्याची बॅगही नाही, हा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. शेवटच्या क्षणी एक प्रवासी गळाला तर त्याची बॅग शोधून खाली उतरवावी लागते. काउंटर आणि गेट यांच्यामधला तो अर्धा-पाऊण तास या सगळ्या कामांसाठी राखलेला असतो.

३. ‘तीन तास आधी’ हा आकडा येतो कुठून?

आता विमानतळाच्या आतला वेळ मोजू. फेब्रुवारी २०१४ पासून मुंबईची परदेशी उड्डाणं सहारच्या टर्मिनल-२ वरून होत आली आहेत. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतात. तिथं साधारण १५ मिनिटं धरा. काउंटरची रांग ४५ मिनिटं. पासपोर्टवर शिक्का मारणारं इमिग्रेशन ३० मिनिटं, अंगाची आणि हातातल्या सामानाची तपासणी २५ मिनिटं आणि गेटपर्यंत चालत जायला १५. हे गर्दीच्या पण सुरळीत रात्रीचे आकडे आहेत.

आता उलटं मोजत येऊ. गेट मिटणार २:१० ला. त्याआधीच्या तीन कामांना, म्हणजे इमिग्रेशन, तपासणी आणि चालणं मिळून, ७० मिनिटं लागतात. म्हणजे काउंटरवरचं काम १:०० ला संपलेलं हवं. यात एक गोष्ट सहज निसटते : काउंटर दीडपर्यंत उघडं असलं तरी दीडला बॅग देणारा माणूस गर्दीच्या रात्री २:४० ला गेटवर पोचेल, आणि गेट तर २:१० लाच मिटलंय. काउंटर गाठलं म्हणजे विमान गाठलं, असं नाही.

एक वाजल्यापासून आणखी मागं या. काउंटरची रांग ४५ मिनिटं, दार १५. म्हणजे बारा वाजता दारात. एखादी बॅग पुन्हा उघडावी लागली, संगणक अडला, लेकराला स्वच्छतागृहात न्यावं लागलं, यासाठी अर्धा तास जादा. झाले साडेअकरा. विमानाच्या बरोबर तीन तास आधी. कंपनीचा तीन तासांचा सल्ला हा असा येतो.

दिवाळीनंतरचे दिवस, नाताळ, मे महिन्याची अखेर, ऑगस्टमध्ये विद्यार्थी परदेशी निघतात ते आठवडे, या काळात चार तास धरावेत. चाकाची खुर्ची सांगितली असेल तरीही चार तास. खुर्चीवाल्यांना रांगेत सवलत मिळते, पण खुर्ची ढकलणारा मदतनीस मिळेपर्यंत बसून राहावं लागतं, आणि एकाच विमानाला अशा खुर्च्या पुष्कळ असतात. चार तासांच्या फार आधी मात्र गेलात तर काउंटर उघडलेलं नसतं.

देशांतर्गत प्रवासात चेहरा दाखवून आत सोडणारी ‘डिजियात्रा’ परदेशी उड्डाणांना चालत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. वारंवार ये-जा करणाऱ्यांसाठी दुसरी सोय आहे : भारत सरकारची विश्वासू प्रवासी योजना. ती जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांना नोंदणी मोफत आहे. एकदा बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवला की इमिग्रेशनला स्वयंचलित फाटकातून जाता येतं. दरवर्षी गावी येणाऱ्यांनी ती जरूर करून घ्यावी.

४. खोबऱ्याची वाटी

आतल्या उशिराची बरीच कारणं घरातच तयार होतात. एक प्रसंग नेहमी दिसतो. बॅग पट्ट्यावरून आत जाते, प्रवासी बोर्डिंग पास घेऊन वळतो आणि मागून हाक येते. तपासणीच्या पडद्यावर बॅगेत काही तरी दिसलेलं असतं. बॅग उघडली जाते. वरचे कपडे बाजूला, बेदाण्याचं पाकीट बाजूला, भडंगाची पिशवी बाजूला, आणि खाली खणात गुंडाळलेली ओटी. निघताना आईनं भरलेली. तिच्यातून निघते खोबऱ्याची अर्धी वाटी.

सुकं खोबरं विमानाच्या नियमांत ज्वालाग्राही वस्तूंमध्ये मोडतं. त्यात तेल भरपूर असतं, आणि साठवण दमट, कोंदट असली तर खोबरं हळूहळू आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं. म्हणून जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांकच दिलेला आहे. तपासनीस हट्टीपणा करत नसतो. पण त्या वेळी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही, कारण ती वाटी टाकून द्यायची म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक. आणि दहा-वीस मिनिटंही गेलेली असतात. ओटी घरी देवापुढंच भरावी, खोबरं-नारळ घरी प्रसादाला ठेवावा आणि बरोबर खण, हळकुंड आणि रुपया द्यावा. मान तेवढाच राहतो.

बाकीचं थोडक्यात. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, मोठ्या बॅगेत कधीही नाही. कांदा-लसूण मसाला, चटणी, तेलकट लोणचं मोठ्या बॅगेत, घट्ट बंद करून. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी कसलीच बाटली नको, तुपाचीही नको. ३२ किलोच्या वरची एकसंध बॅग सहसा कुणीच घेत नाही, जादा पैसे भरायची तयारी असली तरी. हुकाला अडकवायचा छोटा वजनकाटा घरात असू द्या. काउंटरसमोर जमिनीवर बसून एका बॅगेतले कंदी पेढे दुसरीत घालणारी कुटुंबं रोज रात्री दिसतात, आणि त्यांच्यामागं रांग ताटकळत असते.

कागदांतलं एकच सांगतो : तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरानं अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि तिकीट काढणारा यातलं काही तरी गाळतो. ही चूक आठवडाभर आधी एका फोनवर सुटते. काउंटरवर सुटेलच असं नाही.

५. सांगली ते सहार

इथवर सगळा हिशेब विमानतळाच्या दारापासून आतला होता. पार्ल्यात किंवा अंधेरीत राहणाऱ्याला तो पुरतो. सांगलीहून मात्र त्या दारापर्यंत साधारण ३८० किलोमीटर आहेत आणि साताऱ्याहून अडीचशेच्या वर. आपल्या माणसांची विमानं चुकतात ती बहुधा याच टप्प्यात.

सांगलीहून पेठ नाक्यापर्यंतचे चाळीसेक किलोमीटर, मग महामार्ग : कराड, तासवडे टोल, उंब्रज, सातारा, आनेवाडी टोल. पुढं खंबाटकीचा बोगदा आणि त्यानंतरचं ते इंग्रजी एसच्या आकाराचं वळण, जिथं वेग आवरावाच लागतो. शिरवळ, खेड-शिवापूर, कात्रजचा बोगदा, नवले पूल. मग पुण्याचा बायपास, द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा घाट, खालापूर, पनवेल, वाशीचा खाडीपूल आणि शेवटी मुंबईतली वाहतूक. जेवण आणि चहा धरून सांगलीहून नेहमीच्या दिवशी नऊ तास, साताऱ्याहून सहा.

‘नेहमीच्या दिवशी’ या शब्दांत सगळी मेख आहे. दोन रस्त्यांची सरासरी सारखी असली तरी त्यांचा भरवसा सारखा नसतो. पेठ नाका ते सातारा हा टप्पा दहा वेळा केला तर दहाही वेळा जवळपास तेवढाच वेळ लागतो. खंडाळ्याचा घाट दहापैकी आठ वेळा अर्ध्या-पाऊण तासात पार होतो आणि उरलेल्या दोन वेळा तीन तास खातो. शनिवारची सकाळ, जोडून आलेल्या सुट्ट्या, बंद पडलेला ट्रक, दरड. १३ जून २०२३ रोजी घाटात टँकर उलटून पेटला, माणसं गेली आणि वाहतूक तासन्‌तास बंद राहिली. अशा दिवसाची चाहूल आधी लागत नाही. म्हणून निघायची वेळ सरासरीवर ठरवायची नसते. त्या रस्त्याचा वाईट दिवस किती वाईट असतो, यावर ठरवायची असते.

सांगलीकरांना याशिवाय कृष्णामाईचा हिशेब करावा लागतो. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि शहरातून बाहेर पडणंच मुश्कील झालं. जुलै-ऑगस्टमध्ये विमान असेल आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, तर त्या दिवशी तासांचं गणित मांडत बसू नये. पाणी चढायच्या आत पुणं गाठावं.

६. उशिरांची बेरीज सरळ होत नाही

आता या प्रकरणातला मुख्य मुद्दा. समजा सांगली ते पुणे हा टप्पा वाईट दिवशी दीड तास जादा घेतो आणि पुणे ते सहार दोन तास. मग हाताशी किती वेळ जादा ठेवायचा? सरळ बेरीज केली तर साडेतीन तास. पण ही बेरीज गरजेपेक्षा मोठी होते. कराडजवळ ट्रक उलटला म्हणून त्याच दिवशी खंडाळ्यातही ट्रक उलटेल असं नसतं. दोन्ही टप्पे एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता एकेकटा बिघडण्यापेक्षा बरीच कमी असते.

एकमेकांशी संबंध नसलेले उशीर एकत्र करायची रीत गणितात वेगळी आहे, आणि ती आपण शाळेत काटकोन त्रिकोणासाठी शिकलेलो आहोत. प्रत्येकाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची, त्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं. ९० मिनिटांचा वर्ग ८१००, १२० चा १४४००, बेरीज २२५००, वर्गमूळ १५०. म्हणजे अडीच तास. साताऱ्याहून पुण्यापर्यंतचा वाईट दिवसाचा उशीर ५० मिनिटं धरला, तर ५० आणि १२० मिळून १३० मिनिटं होतात. यातून आणखी एक दिसतं : मोठा उशीरच बाकीच्यांना झाकून टाकतो. साताऱ्याचा ५० मिनिटांचा उशीर घाटाच्या दोन तासांत जेमतेम दहा मिनिटांची भर घालतो. काळजी करायची ती घाटाची.

ही रीत एका अटीवर चालते. उशिरांचं कारण एक नसावं. धो-धो पाऊस असेल तर सांगलीचा रस्ता, खंबाटकी, घाट आणि मुंबई एकदमच बिघडतात. गणपतीच्या आधीचे दिवस आणि लागून आलेल्या सुट्ट्या यांचंही तसंच; तेव्हा विमानतळाच्या आतही गर्दी असते. अशा दिवशी वर्गमुळाची सवलत मिळत नाही, सरळ बेरीज करावी लागते. थोरल्या काकांचं ‘पहाटेच निघा’ त्या दिवशी खरं ठरतं.

साध्या दिवसाचा हिशेब आता मांडता येतो. दारात साडेअकराला पोचायचंय. सांगलीहून नऊ तास अधिक अडीच तास, म्हणजे दुपारी बाराला निघायचं. साताऱ्याहून सहा तास अधिक दोन तास दहा मिनिटं, म्हणजे ३:२० ला. पण एक मिनिट थांबा. या वेळांना निघालं तर पुण्याच्या बायपासला गाठ पडते ती संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड, सगळीकडे कचेऱ्या सुटण्याची वेळ. म्हणून तासभर किंवा थोडं जास्त आधी निघून पुणं चारच्या सुमारास मागं टाकायचं. सांगलीहून अकरा, साताऱ्याहून दोन.

रस्ता सुरळीत मिळाला तर आठच्या सुमाराला मुंबईत असाल. मग साडेतीन तास काय करायचं, असं वाटेल. ते साडेतीन तास कुठं घालवायचे, याला फार महत्त्व आहे. साताऱ्यात मावशीकडे चहा आणि लोणावळ्यात चिक्कीची खरेदी यात ते जाता कामा नयेत. राखीव वेळ घाट उतरल्यावरच खर्च करायचा. रात्रीचं जेवण पनवेलला किंवा त्याच्याही पुढं घ्या.

७. आणखी एक तास थांबणं परवडतं का?

जॉर्ज स्टिगलर नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते, १९८२ चे नोबेल मानकरी. ज्याचं विमान कधीच चुकत नाही तो विमानतळावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतो, असा विचार त्यांच्या नावावर सांगितला जातो. त्यात तथ्य आहे, आणि ते आकड्यांनी तपासता येतं.

समजा विमान चुकलं तर नवं तिकीट, मुक्काम, पुन्हा गाडी मिळून ६० हजारांचा फटका बसतो, आणि कुटुंबाचा एक जादा तास वाट बघण्यात गेला तर त्याची किंमत आपण ५०० रुपये धरली. तासभर आधी निघाल्यानं विमान चुकण्याची शक्यता शंभरात दोनवरून शंभरात एकवर आली, तर सरासरीनं ६०० रुपये वाचले. पाचशे खर्चून सहाशे वाचले. आधी निघणं शहाणपणाचं. त्याहून आणखी तासभर आधी निघून शक्यता शंभरात एकवरून अर्ध्यावर आली, तर वाचतात ३०० च. इथं थांबायचं.

स्टिगलर यांचा विचार त्यांच्यासाठी ठीक होता, कारण आठवड्याला विमानानं जाणाऱ्याला चुकल्यावर पुढचं विमान असतं. विद्यापीठात हजर व्हायची शेवटची तारीख गाठणारी पोरगी, नोकरीवर ठरल्या दिवशी रुजू व्हायचं असलेला आखातातला फिटर, पहिल्यांदाच एकटे निघालेले सत्तरीचे आजी-आजोबा, यांचा फटका ६० हजारांत मावत नाही. त्यांच्यासाठी फटक्याचा आकडा दुप्पट-तिप्पट धरून हेच गणित करा. दुसरा तासही परवडतो असं दिसेल.

८. गाडी, रेल्वे की आदल्या दिवशीचा मुक्काम

रेल्वेला घाट आहे, पण घाटातली कोंडी नाही. कोयना एक्स्प्रेस दिवसा निघून संध्याकाळनंतर मुंबईत पोचते, महालक्ष्मी रात्री निघून सकाळी. अडीचच्या विमानाला कोयना सोयीची, दुपारच्या विमानाला महालक्ष्मी. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे, तो वेळ धरायला विसरू नका. दादरला उतरून टॅक्सी करता येते, आणि सामान बेताचं असेल तर भुयारी मेट्रो-३ थेट टर्मिनल-२ च्या स्टेशनात नेते. शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते मात्र आधी पाहून ठेवा, ती रात्रभर चालत नाही.

कोल्हापूरहून किंवा पुण्याहून विमानानं मुंबई गाठणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. तिकिटं वेगळी काढली असतील तर पुढचं विमान चुकल्याचा तोटा सर्वस्वी तुमचा. आणि मुंबईत उतरायचं कुठं, हेही पाहा. सांताक्रूझचं टर्मिनल-१ आणि सहारचं टर्मिनल-२ यांच्यात बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं. आता तिसरंही ठिकाण आहे. पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन होऊन २५ डिसेंबरपासून वाहता झाला. आपल्याकडच्या माणसांना तो मोठा आधार ठरेल, कारण खाडीपूल आणि मुंबईची वाहतूक ओलांडावीच लागणार नाही. तिकिटावर मुंबईचा जुना विमानतळ ‘बीओएम’ या अक्षरांनी लिहिलेला असतो आणि नवी मुंबई ‘एनएमआय’ या अक्षरांनी. तीन अक्षरं नीट वाचा.

गाडीनं जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. निरोप द्यायला क्रूझर भरून माणसं येतात, रात्री बाराला लेक आत गेली की लगेच परत फिरतात, आणि सकाळी अकरापासून चाकावर बसलेला गाडीवाला पहाटे चारला खंबाटकीचा घाट चढत असतो. विमान चुकलं तर पैसे जातात. डुलकी लागली तर काय जाईल, हे लिहायची गरज नाही. सोडायला आलेल्यांनी पनवेलला किंवा पुण्यात मुक्काम करावा. तेवढा खर्च जमत नसेल तर निरोप घरच्या उंबऱ्यावर द्यावा आणि गाडीत प्रवासी आणि गाडीवाला एवढेच जावेत.

पावसाळा, सणांचा आठवडा, जोडसुट्टी, सकाळचं विमान किंवा बरोबर म्हातारी माणसं, यातलं काहीही असलं तर आदल्या दिवशीच निघून घाटाखाली मुक्काम करणं सगळ्यात स्वस्त पडतं.

९. आई-बाबांचं परतीचं विमान

हाच प्रश्न उलट्या बाजूनंही येतो. सहा महिने मुलाकडे राहून आई-बाबा मिरजेला किंवा कराडला परत निघतात. अमेरिकेतून बाहेर पडताना आपल्यासारखी इमिग्रेशनची खिडकी नसते, त्यामुळे वेळ जातो तो काउंटरवर आणि तपासणीत. तिथंही तीन तास धरा. युरोपात तसं नाही. फ्रँकफर्टहून निघताना पासपोर्ट तपासला जातो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथं बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं लागू झाली आहे. जोडविमान असेल तर मधला वेळ दोन तासांपेक्षा कमी असलेलं तिकीट म्हाताऱ्या माणसांसाठी काढूच नका. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी तरी. चालता येत असलं तरी सांगा, कारण अनोळखी विमानतळावर दुसऱ्या गेटपर्यंत हात धरून नेणारं माणूस त्यामुळे मिळतं.

तर अडीचच्या विमानाचं उत्तर असं : साध्या दिवशी सांगलीहून सकाळी अकरा, साताऱ्याहून दुपारी दोन, पुणं चारच्या सुमारास मागं, जेवण घाट उतरल्यावर, सहारच्या दारात रात्री साडेअकराच्या आत. तुमचं विमान दुसऱ्या वेळेचं असेल तर कागद घ्या, गेट मिटण्याच्या वेळेपासून उलटं मोजत या, आणि निघायची जी वेळ येईल ती गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.